चित्राचा दर चौरस फुटावर कशाला?

पावसाळा सरला की ठाणे आणि नवी मुंबईत एक वाद नव्याने सुरू होतो. उड्डाणपुलांचे खांब आणि शाळांच्या कुंपणभिंती रंगवायला घेतल्या जातात, एखाद्या चौकातल्या बेटावर नवा फायबरचा फ्लेमिंगो उभा राहतो. एक बाजू विचारते, रस्त्यांत खड्डे असताना भिंतींवर रंग कशाला? दुसरी म्हणते, शहर छान दिसतं, मुलं थांबून बघतात, लोक फोटो काढतात, त्यात वाईट काय? दोघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते. चित्र किंवा शिल्प म्हणजे शहराची रंगरंगोटी, आणि प्रश्न फक्त ती आत्ता परवडते का एवढाच. माझ्या मते वाद इथेच चुकतो. रस्त्यावरच्या कलेवर महापालिकेने खर्च करावा, आवर्जून करावा. पण ती चौरस फुटाच्या दराने विकत घेणं बंद करावं. आपल्या भिंती फिकट, एकसारख्या आणि निनावी का झाल्या, याचं बरंचसं उत्तर त्या मोजमापात आहे.

भिंतीवरचं चित्र सहसा सुशोभीकरणाच्या कामात रंगकामाचं एक कलम म्हणून येतं. इतके चौरस फूट, दर इतका, गुणाकार करा आणि देयक काढा. मोजमाप पुस्तिकेत क्षेत्रफळ लिहिता येतं, चित्र चांगलं की वाईट हे लिहिता येत नाही. मग ठेकेदाराने काय करावं? ज्याचे पैसे मिळतात ते वाढवावं आणि ज्याचे मिळत नाहीत ते टाळावं, हे त्याच्या बाजूने सरळ गणित आहे. पैसे रंगलेल्या पृष्ठभागाचे मिळतात. भिंत खरवडण्याचे, ती सुकेपर्यंत थांबण्याचे, रेखाटनावर आठवडा घालवण्याचे किंवा तिथल्या रहिवाशांशी बोलण्याचे मिळत नाहीत. म्हणून तयार साचे येतात. तेच फुलपाखराचे पंख, तीच झाड वाचवणारी हिरवी हाताची ओंजळ, आणि पांढऱ्या रंगातली तीच त्रिकोणी वारली माणसं.

वारलीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण हा आपल्याच जिल्ह्याचा ठेवा आहे. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार हे सारं ठाणे जिल्ह्यातच होतं. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा, त्यात पालघट देवी बसवायची, आणि तो सवाशिणींनीच लिहायचा, असा हा विधी आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या परंपरेचे चित्रकार काही तासांच्या रेल्वे प्रवासाच्या अंतरावर राहतात. तरी आपल्या पुलाखालचा तारपा नाच बहुतेकदा साच्यातून उतरतो, कारण चौरस फुटाच्या दरात त्यांच्यापैकी कोणाला बोलावून, राहायची सोय करून, मान देऊन काम करून घेणं बसत नाही. वारली शैलीचं चित्र शहराला हवं असेल तर ते वारली चित्रकाराचं असावं. हा हट्ट धरायला काय हरकत आहे?

आता भिंतीकडे येऊ. पैसा वाया जातो तो इथे. आपल्याकडे वर्षाला अडीच मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि खाडीचा खारट वारा बारा महिने असतो. अशा हवेत चित्र टिकतं की नाही हे पहिला रंग लागण्याआधीच ठरलेलं असतं. सिमेंटचं नवं प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस मुरू आणि सुकू द्यावं लागतं. त्याआधी रंग दिला तर सिमेंटचा क्षार रंग खातो. जुनी भिंत असेल तर तारेच्या ब्रशने पोपडे काढणं, ब्लीचिंगच्या पाण्याने शेवाळ मारून भिंत धुणं आणि ती पूर्ण वाळेपर्यंत थांबणं आलं. पावसाळ्यानंतर लगेच भिंत वरून कोरडी दिसते, आत मात्र ओल असते. म्हणून सप्टेंबरअखेर घाईने रंगवलेल्या भिंतीवर डिसेंबरात फोड येतात आणि पांढरा लोणा फुटतो. डोंगरउताराला टेकलेल्या भिंतींचं दुखणं आणखी वेगळं. मुंब्र्याकडे किंवा पारसिकच्या पायथ्याशी मागच्या मातीतलं पाणी भिंतीतून झिरपतं, आणि ते बाहेर पडावं म्हणून भिंतीत भोकं ठेवलेली असतात. चित्रात ती नकोशी दिसतात म्हणून कोणी पुट्टीने बुजवली, की पाणी दुसरी वाट शोधतं आणि रंगाचा पापुद्रा आतून सुटतो. मागच्या पाण्याचा दाबही भिंतीवर वाढतो तो वेगळाच.

शंभर फूट लांब आणि आठ फूट उंच भिंत घ्या, म्हणजे ८०० चौरस फूट. गुळगुळीत पृष्ठभागावर क्षाररोधक प्रायमर साधारण आठ लिटर आणि पायाच्या रंगाच्या दोन थरांना बाहेरच्या कामाचं अॅक्रिलिक इमल्शन पंधरा लिटरच्या आसपास लागतं; खडबडीत प्लास्टरवर दीडपट धरा. घरातलं डिस्टेंपर इथे पहिल्या पावसात वाहून जातं. ऑइल पेंट चमकतो आणि सुरुवातीला फार छान दिसतो, पण तो भिंतीला श्वास घेऊ देत नाही आणि ओल्या भिंतीवरून सालीसारखा सुटतो. रंगछटाही विचारपूर्वक निवडाव्या लागतात. गेरू, पिवळी माती, काळा असे लोहाचे आणि कार्बनचे रंग वर्षानुवर्षं टिकतात. भडक गुलाबी, जांभळा आणि स्वस्त पिवळा पश्चिमेच्या उन्हात दोनेक उन्हाळ्यांत विटतो. फ्लेमिंगो पांढरे पडतात ते यामुळे. जमिनीलगतचे तीन फूट पानाच्या पिचकाऱ्या, चिखल आणि दुचाकींच्या टेकण्याने खराब होतात, तेव्हा तिथे गडद आणि धुता येईल असा पट्टा रेखाटनातच धरायचा असतो. यातलं काहीही गुपित नाही. प्रत्येक अनुभवी रंगारी हे जाणतो. पण या प्रत्येक पायरीला दिवस लागतात आणि मोजमापात त्यातली एकही दिसत नाही.

शिल्पांचं नुकसान जास्त महाग पडतं. फायबरचं शिल्प आतून पोकळ असतं आणि आत लोखंडाचा सांगाडा असतो. तळाशी पाणी निघून जायला भोक नसेल तर आत पाणी साठतं, लोखंड गंजून फुगतं आणि बाहेरचं कवच तडकतं. भंगारातून केलेल्या शिल्पांत नट-बोल्ट, साखळ्या, दुचाकीचे सुटे भाग वेल्डिंगने जोडतात. प्रत्येक सांध्यात पाणी थांबायला जागा असते. स्टेनलेस स्टील वापरलं म्हणून सुटका होत नाही. ३०४ प्रतीचं स्टील खाडीकाठी चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग धरतं. तिथे मॉलिब्डेनम असलेलं ३१६ लागतं. तेही फेब्रुवारी ते मे, पाऊस नसताना, साध्या गोड्या पाण्याने धुवावं लागतं, कारण मीठ याच महिन्यांत साचत जातं. मुंबई परिसरासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, आणि नवी मुंबईचा खाडीलगतचा बराच भाग मऊ चिखलावर भराव घालून केलेला आहे. तेव्हा पाया हा शिल्पाचाच भाग. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला आणि साऱ्या महाराष्ट्राच्या जिव्हारी लागला. समुद्राच्या हवेत धातू, सांधे आणि पाया यांची हेळसांड किती महाग पडते, हे यापेक्षा वेगळं कोणी सांगायला हवं का?

आता विरोधी मुद्द्यांकडे, आणि त्यांतला सर्वांत वजनदार आधी. चौरस फुटाचा दर निर्बुद्ध असेल, पण तो तपासता येतो. दर सोडून गुणवत्तेवर कलाकार निवडू लागलो तर निवडणार कोण? नगरसेवकाचा भाचा, अधिकाऱ्याचा परिचित, ठराविक चार नावं. लेखापरीक्षकाला फूटपट्टी कळते, आवडनिवड कळत नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि सार्वजनिक पैशाबाबत अशी शंका घेणारा माणूस शहराचं भलंच पाहत असतो. पण याच महापालिका सल्लागार नेमताना तांत्रिक गुण आणि दर वेगळे तपासतात, नाट्यगृहासारख्या वास्तूसाठी संकल्पचित्रं मागवता येतात. चित्राला तोच नियम लावा. एका जागेची एकूण रक्कम आधी जाहीर करा, म्हणजे दराची स्पर्धाच उरत नाही. त्या रकमेत काय कराल, कोणतं साहित्य वापराल आणि पाच वर्षं कशी निगा राखाल, हे रेखाटनासह मागवा. आलेली सगळी रेखाटनं आठ-दहा दिवस वॉर्ड कार्यालयात लावा, निवड समितीचे गुण लेखी प्रसिद्ध करा. वशिला यानेही संपणार नाही, पण उघड्यावर येईल. साच्यातल्या भिंतीत तो आज दिसतही नाही.

खड्ड्यांचा मुद्दा मला त्यापेक्षा कमजोर वाटतो, तरी तो हसण्यावारी नेता येत नाही. ज्या वस्तीत सार्वजनिक शौचालयाला पाणी नाही तिथल्या भिंतीवर स्वच्छतेचं चित्र काढणं हा त्या माणसांचा अपमान आहे. तिथे आधी पाणी द्या, रंगाचा डबा उघडूही नका. पण शहराच्या अंदाजपत्रकात भिंतीचित्रांच्या पैशातून रस्ते होत नसतात. रस्त्यांचा पैसा वेगळा असतो आणि तो का वाया जातो याची कारणंही वेगळी असतात. शिवाय कुंपणभिंतीला रंग तर द्यावाच लागतो. तोच रंग दर दोन वर्षांनी पोपडे धरून पडत असेल तर खड्डेवाल्यांनी उलट माझ्या बाजूला यायला हवं, कारण मी कमी भिंती मागतो आहे. पन्नास पडणाऱ्या भिंतींऐवजी पाच टिकणाऱ्या.

रंगवलेली भिंत लोक घाण करत नाहीत, पोस्टरं चिकटवत नाहीत, हा समर्थकांचा मुद्दाही बराचसा खरा आहे. विद्रूपणाविरुद्ध १९९५ पासून राज्याचा कायदा आहे, पण कायद्यापेक्षा ताजं चित्र जास्त काम करतं. मात्र ते ताजं असेपर्यंतच. एकदा पोपडे सुटले, की तीच भिंत बेवारस असल्याचं सांगते आणि पहिलं पोस्टर तिथेच लागतं. रंगवलेल्या भिंतींमुळे शहर स्वच्छतेच्या क्रमवारीत वर येतं असंही म्हणतात. पण नवी मुंबई २०२० आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली, त्याचं श्रेय मुख्यतः कचरा वेगळा करणाऱ्या घरांचं आणि पहाटे रस्त्यावर असणाऱ्या सफाई कामगारांचं आहे. ते रंगाच्या खाती लिहिणं अन्याय्य आहे.

कलेच्या बाजूनेही एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. रस्त्यावरची कला क्षणभंगुरच असायची, तिला नोंदवही आणि निगा लावली की ती मेली. गुढीपाडव्याला गावदेवी मैदानात निघणारी भव्य रांगोळी कोणी वर्षभर जपून ठेवत नाही. वारली चौकही लग्नापुरता. अगदी मान्य. पण रांगोळी पुसली जाणार हे काढणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. ठरवून पुसणं निराळं, निष्काळजीने कुजू देणं निराळं. भिंतीलाही पाच वर्षांची मुदत द्या, पाचव्या ऑक्टोबरात ती पांढरी करा आणि दुसऱ्या कलाकाराला द्या. मला यात काहीच दुःख वाटत नाही.

दुःख होतं ते कोणाला न सांगता केलेल्या नाशाचं. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्याकडून १९५७ मध्ये सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच ब्राँझचं भित्तिशिल्प करवून घेतलं गेलं. १९७९ मध्ये इमारतीच्या दुरुस्तीत ते त्यांना न विचारता काढून गोदामात टाकलं गेलं आणि त्याचे तुकडे झाले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ५७ वर बोट ठेवून उरलेलं शिल्प त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. शिल्प सरकारने विकत घेतलं तरी शिल्पकाराचा त्याच्याशी असलेला संबंध संपत नाही, हे आपल्या न्यायालयाने सांगून ठेवलं आहे. आपल्या किती पुलांखाली चित्रकाराचं नाव लिहिलेलं आहे? नाव नसेल तर हा हक्क मागायला येणार कोण?

उलट बाजूचा धडा न्यूयॉर्कचा. तिथे एका सरकारी कचेरीच्या चौकात शिल्पकार रिचर्ड सेरा यांची १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत १९८१ मध्ये उभी राहिली. तिने रोजची वाट अडवली, तिथल्या कर्मचाऱ्यांनी ती हटवण्याची मागणी केली, सुनावण्या झाल्या आणि १९८९ मध्ये ती कापून नेली. कलाकार थोर होता, सामग्री टिकाऊ होती, नाव लिहिलेलं होतं. विचारलं नव्हतं ते रोज तिथून चालणाऱ्यांना. मुंबईत काळा घोडा आहे तो याचाच दुसरा दाखला. ब्रिटिश राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, पण पन्नास वर्षं लोकांनी नाव घोड्याचंच ठेवलं, आणि २०१७ मध्ये चौकात पुन्हा उभा राहिला तो स्वाराविना घोडा.

चालणाऱ्यांचा मुद्दा आपल्या दोन शहरांत फार महत्त्वाचा आहे, कारण आपण शिल्पं चालकांसाठी मांडतो. पाम बीच मार्गावर ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. तीस मीटरचं भित्तिचित्र दोन सेकंदांच्या आत मागे पडतं. चौकातल्या बेटावरचं शिल्प जवळून पाहायला धावती वाहनं ओलांडावी लागतात, म्हणजे मुलांना आणि म्हाताऱ्यांना ते कायम लांबचंच. दिल्लीतली लोधी कॉलनी २०१५ नंतर भित्तिचित्रांसाठी नावारूपाला आली, ती तिथले आतले रस्ते सावलीचे, रुंद पदपथांचे आणि चालण्याजोगे आहेत म्हणूनही. आपल्याकडे अशा जागा कमी नाहीत. तलावपाळीचा आणि उपवनचा काठ, स्थानकांचे भुयारी मार्ग आणि पादचारी पूल, नेरूळच्या धारण तलावाभोवतीची चालवाट, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी बेलापूरला रचलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमधली अंगणं, आणि करावे, दिवाळे, घणसोली यांसारखी आगरी-कोळी गावठाणं. गावठाणातल्या वळणावर अचानक भेटणारी एखादी दगडी मासळी पाहायला लोक मुद्दाम वाट वाकडी करतील. वंडर्स पार्कमध्ये जगातली सात आश्चर्यं छोट्या आकारात आहेत. मुलांना ती आवडतात, आवडू देत. पण इथल्या मिठागरांचं, खाणींच्या काळ्या पाषाणाचं, मासेमारीच्या डोल जाळ्यांचं काही शोधावं म्हटलं तर ते कुठे सापडतं?

फ्लेमिंगोंचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यावर भावना तीव्र आहेत आणि त्या रास्त आहेत. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ झाली. भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली जातो तेव्हा हे पक्षी विसाव्याला नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळींवर येतात. तिथे भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्याची तक्रार २०२४ मध्ये पर्यावरणप्रेमींनी लावून धरली होती. खरा पक्षी तहानलेला असताना फायबरचा पक्षी मिरवायचा, हा त्यांचा संताप मला पटतो. तरीही शिल्पं काढून टाका हे उत्तर मला पटत नाही. श्रीस्थानक म्हणजे आजचं ठाणं ज्यांची राजधानी होती त्या शिलाहारांच्या मुलखात दान दिलेल्या जमिनीवर गधेगळ उभी करत. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री यांची ती ओबडधोबड, अंगावर येणारी आकृती, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी म्हणून. रस्त्याकडेच्या विक्षिप्त शिल्पाचा यापेक्षा थेट उपयोग दुसरा आठवत नाही. ज्या जमिनीचं रक्षण करायचं तिच्यावरच तो दगड उभा असे. फ्लेमिंगोचं शिल्पही चौकातून उचलून पाणथळीच्या काठावर आणा. काळ्या दगडात घडवा. पाण्याची वाट कुठून येते, ती मोकळी ठेवणं कोणत्या कार्यालयाचं काम आहे, हे त्यावर मराठीत कोरा. मग वाट बुजली की तो दगडच साक्ष देईल.

हे सगळं पुढच्या हंगामात बसवता येतं. जागा आणि रक्कम मे-जूनमध्ये जाहीर व्हावी, पावसाळ्यात रेखाटनं मागवून निवड व्हावी, ऑक्टोबरात भिंत धुऊन वाळवावी, रंग नोव्हेंबरच्या मध्यानंतर लागावा. रस्त्याच्या ठेक्यात दोष दायित्वाचा, म्हणजे निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याचा काळ असतो तसा इथे पाच वर्षांचा असावा आणि रकमेतले शेकडा पंधरा रुपये निगेसाठी राखून ठेवावेत. प्रत्येक कामाजवळ कलाकाराचं नाव, वर्ष आणि साहित्य कोरलेली छोटी पाटी असावी. क्यूआरचा स्टिकर एका पावसात निघतो. तोवर आपल्या गल्लीतल्या एका भिंतीपुरता माहिती अधिकाराचा अर्ज कोणालाही करता येतो. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. त्यात विचारायच्या गोष्टी चार: मोजमाप पुस्तिकेतली या भिंतीची नोंद, वापरलेल्या रंगाचा प्रकार, निगेची तरतूद, आणि चित्र काढणाऱ्याचं नाव.